'उघडेल की'

लिफ्टच्या कंपनीत त्यांना सगळे गोडबोले म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगारपत्रकापुरतं उरलं होतं. कुठल्याही इमारतीत लिफ्ट अडकली की आतला माणूस बटण दाबी आणि यांच्या टेबलावरचा फोन वाजे. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला बोलण्यात धरून ठेवायचं, हे यांचं काम. खोली जिन्याखाली, आठ बाय सहा, खिडकी नाही. लिफ्टपेक्षा जरा मोठी, एवढंच.

तिथे त्यांनी एकोणीस वर्षं काढली. घाबरलेल्या बाईला ते विचारत, पिशवीत कुठली भाजी आहे. आरडाओरडा करणाऱ्याची तक्रार शब्द न शब्द विचारून इतक्या सावकाश लिहून घेत, की तो सांगता सांगताच थंड पडे. शेवटी प्रत्येकाचा प्रश्न एकच. दार उघडेल ना?

"उघडेल की," गोडबोले म्हणत.

सगळी करामत त्या 'की'ची. नुसतं 'उघडेल' म्हणजे आश्वासन झालं. 'उघडेल की' म्हटलं की वाटे, यात विचारायचं ते काय! मेकॅनिक अजून जागचा हललेला नसला, तरी आतला माणूस गप्प होई.

घरी मात्र गोडबोल्यांच्या तोंडाला कुलूप. बायको काहीही सांगो, उत्तर 'हं'. एकदा ती शांतपणे म्हणाली, "बाहेर साखर वाटता आणि घरी रिकामं पोतं आणता. मीही कुठे अडकून फोन करू का?"

हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी सुट्या भागांच्या गोदामात बदली मागितली. तिथे नटबोल्टांशी बोलावं लागत नाही. तीनदा अर्ज परत आला. तुमच्या जागी बसवू कोणाला, असा शेरा. मग नवे साहेब आले आणि गोडबोल्यांनी ठरवलं, त्यांच्यापुढे दोनच वाक्यं बोलायची, तीही कोरडी, म्हणजे आपल्यावाचून काही अडेल असं त्यांना वाटणार नाही.

पण साहेब कपाळ चोळत बसले होते. सवयीने यांच्या तोंडून निघालं, चष्म्याचा नंबर वाढलाय का? तिथून गाडी घसरली ती अर्धा तास. जिन्याखालची खोली, बायकोचं पोतं, सगळं त्यांनी असं रंगवलं, की साहेब आधी हसले, मग त्यांनी चहा मागवला. इतकी चांगली विनंती गोडबोल्यांनी आयुष्यात केली नव्हती. उठताना त्यांनी विचारलं, "मग बदली होईल ना, साहेब?"

साहेब प्रेमाने म्हणाले, "होईल की."

गोडबोले दारातच थबकले. तो 'की' त्यांच्या ओळखीचा होता. मेकॅनिक निघालेलाच नव्हता.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं आणि बूट काढायच्या आत विचारलं, होईल का बदली?

'होईल की' जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी ते गिळलं.

"नाही," ते म्हणाले. "माझ्याच बोलण्याने गेली."

तिने त्यांच्या हातातला डबा घेतला.

"चला," ती म्हणाली, "निदान 'हं' तरी नाही म्हणालात. बसा आणि नीट सांगा."