सांडूदादानं वाटलेल्या वेळा

माझा भाऊ सांडूदादा जाऊन दोन महिने झाले. लई आठवण येती, पण रडायच्या आधी हसूच येतं.

दुष्काळाच्या सालात पुंडलिकनगरात टँकर आमच्या गल्लीतली टाकी भरून जायचा. सगळ्या बाया दिवसभर हंडे घेऊन तिथंच बसायच्या अन् भांडायच्या. दादानं घरंघरी वेळा वाटून दिल्या. ज्याची वेळ त्यानंच यायचं, बाकीच्यांनी घरी खुशाल आडवं व्हायचं.

पुढं त्याची पोरगी रूपा इंजिनियर झाली. टाकीत पाणी किती हाय ते बिनतारी कळवणारे डबे तिची कंपनी बनवती. डबे सारखे जागे राहायचे, सेल लगेच संपायचे. दादा म्हणला, "अगं, त्यास्नीबी वेळा वाटून दे. वेळंला उठायचं, सांगायचं, परत झोपायचं." तिनं तसं केलं. सेल वरीसभर टिकले.

कंपनीनं रूपाच्या नावानं पेटंट मागितलं. पेटंटच्या सरकारी हापिसातून पत्र आलं, यात नवं काय नाय, जाणत्या माणसाला सहज सुचंल. रूपा उत्तर लिहायला बसली अन् तिनं दादाला विचारलं,

"आबा, तुम्हाला हे सुचायला किती डोकं लावावं लागलं?"

"डोकं कशाचं? बाया भांडत व्हत्या. कुणालाबी सुचलं असतं."

"आबा, कंपनीच्या वकिलापुढं आसं बोलू नका!"

पेटंट मिळालं नाय. रूपा तोंड पाडून बसली, तर दादा म्हणला, "जाणत्या माणसाला सुचंल म्हणत्यात ना? म्हंजी सरकारनं मला जाणता म्हणलं की!"

अन् ते पत्र त्यानं गल्लीभर दाखवलं.