तिसऱ्यांदा आलेला फोन

ॲडम्सटाउनच्या स्टेशनाबाहेर बाकावर बसणारा तो आयरिश गृहस्थ भाडोत्री सैनिक आहे, असे आमच्या मराठी मंडळात छातीठोकपणे सांगितले जाते. साफ खोटे! रोज सकाळी त्याच्या शेजारी मी बसतो. सांगणारे बसत नाहीत. तो निवृत्त शांतिसैनिक आहे. आफ्रिकेतील ज्या वादग्रस्त सीमेवर त्याने पहारा दिला, तिथे आता देशोदेशींचे भाडोत्री सैनिक जमत आहेत. त्यांची भरती करणारा एक दलाल त्यालाही फोन करतो, एवढेच खरे. दोनदा त्याने हसत नकार दिला होता.

माझा जीव मात्र टांगणीला लागला होता, कारण या आयरिश लोकांच्या देशात पहिले दोन नकार शिष्टाचाराचे असतात. माझ्या थर्मासमधला चहासुद्धा हा गृहस्थ दोनदा नाकारून तिसऱ्या आग्रहाला घेतो.

काल तिसरा फोन आला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाला, "नाही, गड्या."

"हा तरी खरा नकार ना?" मी दरडावून विचारले.

तो मोठ्याने हसला. "अहो, त्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांत मी जेवलोय. नेम कुठल्या दारावर धरू?"

संध्याकाळी मंडळात मी हे ठणकावून सांगितले. एकाने शंका काढलीच, "आणि काका, चौथा फोन आला तर?"

"तो मी उचलीन," मी म्हणालो.