सव्वादोन तासांचं व्हिएन्ना

कुणी गावाला निघालं की सिंधूताई आधी विचारायच्या, "किती लांब?" आणि उत्तर ऐकून मान हलवायच्या. लंडनमध्ये हाउन्सलोला आमच्या शेजारी पुण्याची मुलं राहायची, कम्प्युटरवाली. त्यातला एक म्हणाला, "काकू, व्हिएन्ना फक्त सव्वादोन तास."

"ते विमानाचं झालं. तुझं सांग. इथे कुलूप लावल्यापासून तिथल्या दारात उभा राहीपर्यंत."

"मग दिवस जातो, काकू."

"मग दिवस म्हण की."

सिंधूताई काही गोड बाई नव्हत्या. मीही नाही, म्हणून आमचं जमलं. त्यांची एकुलती एक मुलगी, मेधा, व्हिएन्नाला दिलेली. सिंधूताईंचं हृदय अधू झालं, डॉक्टरांनी विमान बंद केलं. मेधाला हे सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर ती नोकरी सोडून धावत आली असती. ते सिंधूताईंना नको होतं.

मग जावयाचा फोन आला. मेधाच्या पोटात गाठ आहे, ऑपरेशन आहे. सिंधूताई कोट घालूनच माझ्या दारात आल्या.

"वत्सला, डॉक्टर उडू नको म्हणालेत. जाऊ नको म्हणाले नाहीत."

"वाटेत मराल."

"म्हणून तर तुला नेतेय. कुणीतरी कळवायला हवं."

समुद्राखालच्या रेल्वेने आम्ही निघालो. ब्रसेल्सला गाडी बदलताना जिना आला. चार पायऱ्या चढून त्या बॅगेवरच बसल्या. ओठ काळेनिळे झालेले. मी म्हटलं, "मागे फिरू या." दम लागलेला, तरी म्हणाल्या, "मागचाही जिनाच आहे." मग रात्र गाडीत बसून काढली.

आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मेधाला आत न्यायचं होतं. आईला बघून ती उठूनच बसली. "आई, तू? कशी आलीस?"

"विमानाने. सव्वादोन तास. बसले न बसले तोच उतरा म्हणाले."

मी तोंड उघडलं. सिंधूताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं. मेधाने आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पलंगावर जागा करून म्हणाली, "बैस." नर्स येईपर्यंत सिंधूताई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या. एरवी त्यांनी कुणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

गाठ साधी निघाली. मेधा बरी झाली. सिंधूताई त्याच वाटेने परत आल्या आणि त्याच थंडीत वारल्या.

मेधा आली. सगळं उरकल्यावर माझ्या स्वयंपाकघरात चहा घेत बसली. मला पोटात ठेवता येत नाही. मी म्हटलं, "तुझी आई विमानाने आली नव्हती."

"माहीत आहे, मावशी. पाय इतके सुजले होते की घोटे दिसत नव्हते. दोन तासांत असे नाही सुजत."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"एवढ्या लांबून आली होती. तिला खोटी कशी पाडू?"