बारावी पास

भावाच्या अर्जावर 'शिक्षण: बारावी' हे मीच लिहिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म त्याने माझ्यापुढे ठेवला होता.

तो इंजिनिअर होता. पदवीला सत्तावन्न टक्के. वडिलांचं डायलिसिस सुरू होतं त्या वर्षी तो दिवस दिवस दवाखान्यात बसायचा. दोन विषय राहिले, पुढे सुटलेही, पण टक्के खाली आले ते आलेच. हिंजवडीतल्या ज्या ज्या आयटी कंपनीत त्याने अर्ज केला तिथे दहावीपासून सगळीकडे साठ हवे होते. ऑनलाइन अर्जात सत्तावन्न भरले की पुढचं पानच उघडत नसे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्याला म्हणायचे, टक्के काही जन्मभर विचारत नाहीत. ते खरंही आहे. पहिल्या नोकरीपुरतेच विचारतात. ती पहिली नोकरी दीड वर्ष मिळत नव्हती.

शेवटी थेरगावातला त्याचा मित्र घरी आला. तो चाकणला एका कारखान्यात कंत्राटदाराकडून कामाला होता.

"भावा, डिग्रीचं नावच काढू नको. डिग्रीवाला टिकत नाही म्हणून घेत नाहीत. बारावीची झेरॉक्स दे, बास."

"आणि एवढी वर्षं काय करत होतास विचारलं तर?"

"सांग, मामाच्या दुकानात होतो. इतकं शिकलास, आता जरा कमी शिकलेला व्हायला शीक की राव."

आम्ही तिघंही हसलो. मग मी फॉर्म भरला. पदवीच्या गुणपत्रिका माझ्या कपाटात ठेवल्या. आईला त्याने बजावलं, "कंपनीतलं कुणी भेटलं तर बारावीच सांगायचं. कळलं तर काढतील."

आठ महिने तो लाइनवर होता. एका सकाळी शिफ्ट सुटल्यावर घरी येताना त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली.

पाचव्या दिवशी त्याचे सुपरवायझर भेटायला आले. हेल्मेट मांडीवर धरून बसले.

"पोरगा वेगळाच होता, मावशी," ते आईला म्हणाले. "बारावीचा, पण ड्रॉइंग हातात घेतलं की चूक दाखवायचा. मला सापडलेली नसायची ती."

मला वाटलं, आता तरी सांगावं. आता कोण कुणाला काढणार होतं? कपाट दोन पावलांवर होतं. मी उठलेही. आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"व्हय," ती म्हणाली, "बारावीच झाली हुती त्याची."

ते मान हलवत राहिले.

"डोकं होतं हो. पुढं शिकवायला पाहिजे होतं."

 ते जाईपर्यंत आईने माझा हात सोडला नाही.