त्याच्याकडे बॉल नव्हता

लहानपणापासून जे चूक म्हणून शिकवलं, ते एका दुपारपुरतं बरोबर कसं मानायचं? मला खरंच माहीत नाही.

आज इथे लंडनमध्ये मावसभाऊ ओंकारबरोबर अमेरिकन फुटबॉल संघाच्या निवडीला, ट्रायलला गेले होते. रग्बी लीगचा क्लब सोडून आलाय तो, परत जायला जागा नाही. पळण्यात सगळ्यांच्या पुढे! मग ब्लॉकिंग आलं. समोरच्याकडे बॉल नसला तरी त्याला ढकलायचं. रग्बीत याचीच पेनल्टी बसते. ओंकार जोरात धावला आणि ऐनवेळी बाजूला झाला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

"घाबरट आहे," म्हणत कोचनी त्याला काढलं.

"ताई, त्याच्याकडे बॉलच नव्हता गं," ओंकार बसमध्ये सारखा म्हणत होता.

इतकी चीड आली! इथले नियम वेगळे आहेत, हे आधी कुणी समजावलं का त्याला? युनिव्हर्सिटीत मीही अशीच चाचपडले. घरातून आधी कुणी कॉलेजला गेलंच नव्हतं, विचारणार कुणाला? तुमच्यावर आलीय का अशी वेळ?

पुढच्या महिन्यात दुसरी ट्रायल आहे. घरी येताच मी हाउन्सलोच्या पार्कातलं मैदान शनिवारसाठी बुक केलं आणि ओंकारला सांगून टाकलं, "धक्का झेलायचं जाड पॅड धरून समोर मी उभी राहणार. माझ्याकडे बॉल नसेल. ढकलायचं."