हाचिमानला जाताना डावीकडे बसावं

हाचिमानला कसं जायचं हे माहीत नसलेला माणूस त्या काळी नंदुरबारात शोधून सापडला नसता, आणि तिथं जाऊन आलेला माणूस मात्र एकच होता. हाचिमान हे जपानातलं एक जुनं व्यापारी गाव, बीवा नावाच्या भल्यामोठ्या तळ्याच्या काठी वसलेलं. आमच्या स्टेशनवर कुणी गाठोडं घेऊन उभा दिसला, की जपानी नाना त्याच्या शेजारी जाऊन उभा राही. माणूस सुरतेला निघालेला असो की दोंडाईच्याला सोयरीक बघायला, नाना त्याला आधी ओसाकाहून हाचिमानला कसं जायचं ते सांगे, मग टोकियोहून, आणि गाडीला उशीर असला तर क्योटोहूनही. अक्कलकुव्याच्या बाजाराला बैलगाडीनं निघालेल्या एका बापड्यालाही त्यानं सोडलं नव्हतं. त्याचे बैल तेवढे ऐकत उभे होते.

नाना कापसाचा दलाल. मी कापसाचा व्यापारी. कळसाडीहून दुसऱ्याच्या कापसाच्या गाड्या हाकत मी नंदुरबारात आलो आणि कुणाच्या उपकाराशिवाय स्वतःची पेढी उभी केली. हे मुद्दाम सांगतो, कारण नानाचा विषय निघाला की लोक मला विसरतात. जपानला खरं तर मी जायला हवं होतं.

नानाची सांगण्याची रीत अशी, की ऐकणाऱ्याला परदेश वाटूच नये. तो म्हणे, “हाई दख भो, ओसाका म्हणजे आपलं सुरत समज. क्योटो म्हणजे नवापूर. हाचिमान म्हणजे नंदुरबार. कठीण काय शे त्यामा?” क्योटो सुटलं की बोगदा लागतो, म्हणून डाव्या हाताला बसून घ्यावं. बोगदा सरला, की खिडकीत तळंच तळं. टोकियोहून येणाऱ्यानं मात्र उजवीकडे बसावं, कारण तो उलट्या बाजूनं, म्हणजे भुसावळकडून आल्यासारखा येतो. त्यानं मायबारा नावाच्या स्टेशनवर उतरून सावकाश गाडी धरावी. मायबारा म्हणजे दोंडाईचा. का उतरावं, तर घाईची गाडी हाचिमानला थांबत नाही.

हे शेवटचं वाक्य नानाचं आवडतं. ते तो प्रवाशांपेक्षा मला जास्त ऐकवी. मी कुणाशी भांडायला उठलो, कुणाचा माल धुडकावला, की मागून आवाज येई, “घाईनी गाडी हाचिमानले थांबत नही, मिरचीशेठ.” मिरचीशेठ हे नाव त्यानंच मला ठेवलं. आमचं गाव मिरचीचं, म्हणून लोकांना ते फार आवडलं. माझं खरं नाव बाजारात कुणी विचारत नसे.

आता जपानला तो का गेला आणि मी का नाही, ते सांगतो. आमच्याकडे कापसाचा भाव तोंडानं ठरत नसे. दोघांनी एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव बोलायचा. याला हत्ता म्हणत. वर तोंडानं पाऊसपाणी, लग्नकार्य काहीही बोलावं. भाव फक्त बोटांनी. एका हंगामात मुंबईहून एक जपानी साहेब कापूस घ्यायला आला. सोबत दुभाषा होता, पण दुभाष्याला रुमालाखाली जागा नसते. साहेबाचा पहिला हत्ता माझ्याशी झाला. त्यानं माझं बोट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. बोट धरून सोडणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. मी रुमाल भिरकावला आणि भर बाजारात त्याला जे बोलायचं ते बोललो. साहेब घाबरून मागं सरकला तो थेट कापसाच्या ढिगात, कमरेपर्यंत. चूक त्याची होती, हे मी आजही सांगतो.

नानानं त्याला ढिगातून ओढून काढलं. त्याच्या काळ्या कोटावरचा कापूस वेचून दिला. पाणी दिलं. मग माझाच रुमाल उचलून, झटकून, त्याखाली साहेबाचा हात घेतला आणि एकेक बोट दाबून त्याला आमची भाषा शिकवली, आंधळ्याला गाव दाखवावं तशी. माल माझा होता, सौदाही माझाच झाला. पण पुढं ओसाकाच्या गोदामात आमच्या भागाचा कापूस पारखून दाखवायला माणूस न्यायचं ठरलं, तेव्हा साहेबानं कुणाचं नाव घेतलं असेल? मी नानाला विचारलं, “तू त्याला सांगितलं का नाही, की या माणसाला ने म्हणून?”

नाना म्हणाला, “सांगितलं ना. तो म्हने, बोटीवर कापसाचा ढीग नसतो.”

नाना गेला तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर होतो. मी हार घातला नाही. परत आला तेव्हाही गेलो होतो, कारण मला सगळं ऐकायचं होतं आणि ऐकायचं आहे हे दाखवायचं नव्हतं. माझ्यासाठी त्यानं ओसाकाहून पोलादी कात्री आणली होती. घरी अजून तीच वापरतात. धार गेलेली नाही.

ओसाकाचं काम उरकल्यावर साहेबानं त्याला आपल्या गावी, हाचिमानला नेलं होतं. तिथले व्यापारी पूर्वी खांद्यावर कावड घेऊन देशभर माल विकत हिंडत, आमच्याकडे मारवाडातून माणसं आली तशी. गावातून दगडांनी बांधलेला कालवा जातो आणि नावा थेट वखारीच्या दाराशी लागतात. साहेबाच्या आईनं नानाजवळचा ठेचा चाखला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी वाकून नमस्कार केला आणि पुन्हा मागितला. नाना म्हणाला, “त्या घरमा एक तरी मिरचीशेठ शे.”

पण खरी गोष्ट दुकानातली. साहेबाच्या चुलत्याचं मच्छरदाण्यांचं दुकान होतं. नानाला एक मच्छरदाणी पसंत पडली. परका मुलुख, भाषा येत नाही. मग व्यापाऱ्याशी व्यापाऱ्यासारखं बोलावं म्हणून त्यानं हातावर रुमाल पसरला आणि हात पुढं केला. म्हाताऱ्या दुकानदारानं रुमालाकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला, रुमाल उचलून घेतला, त्यात मच्छरदाणी बांधली, वर सुरेख गाठ मारली आणि दोन्ही हातांनी गाठोडं नानाला दिलं. त्यांच्याकडे वस्तू कापडात बांधून देतात. नानाला वाटलं, हा भावाचं बोलणं टाळतोय. त्यानं गळ्यातलं उपरणं काढून हातावर पसरलं. म्हाताऱ्यानं पुन्हा नमस्कार केला आणि उपरण्यात एक छत्री बांधून दिली.

“मंग अंगावर धोतरच ऱ्हायनं होतं,” नाना सांगे, “म्हनीसन मी थांबनू.”

तेवढ्यात साहेब आत आला आणि त्यानं चुलत्याला हत्ता काय असतो ते समजावलं. म्हातारा खूप हसला. मग आतून एक निळं कापड घेऊन आला, पांढऱ्या लाटांचं. ते त्यानं दोघांच्या हातांवर पसरलं आणि खाली नानाचा हात हातात घेतला.

गोष्ट इथवर आली, की मी दरवेळी विचारी, “मग भाव काय ठरला?”

“भाव ठरनाच नही. त्यानी मन्हा हात धरी ठेवा, मी त्यान्हा.”

“म्हणजे बोटं?”

“बोट नही. हात.”

“असला कसला हत्ता?” मी चिडे. “मी असतो तर दोन मच्छरदाण्या आणल्या असत्या.”

“तू ऱ्हातास तर रुमालमा तुलेच बांधी देतात,” नाना म्हणे, आणि सगळी पेढी हसे.

ते निळं कापड घेऊन नाना परतला आणि त्यानंतर त्याचा प्रत्येक हत्ता त्याखाली झाला. शेतकरी म्हणत, जपानी कापडाखाली भाव चांगला लागतो. मला ते कापड हवं होतं. जिथं मी जायचं होतं तिथलं ते होतं, म्हणून हवं होतं, शकुनाचं नंतर. दर पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले, की मी नानाला म्हणे, घाल हात. त्याच कापडाखाली मी त्याच कापडाची बोली लावी. नाना पाऊसपाण्याचं बोलत बोलत शांतपणे माझं बोट बाजूला सारी. दरवर्षी मी चढत गेलो. इतकी बोली मी गाडीभर सरकीला लावली नव्हती.

पुढं माझीही पाळी आली. मुंबईची एक पेढी मला जपानला न्यायला तयार झाली. मी सुरतेहून लोकरीचा लांब कोट शिवून आणला. नाना रोज पेढीवर येऊन माझी तयारी करून घेई. ओसाकाहून कुठं बसायचं? डावीकडे. टोकियोहून? उजवीकडे. कुठं उतरायचं? मायबारा. मग वाकून नमस्कार करायला लावी. मी आयुष्यात कुणापुढं वाकलेलो नाही. माझी पाठ दुखून आली. दिवाणजी दाराआडून बघून हसत.

आणि जपानशी लढाई सुरू झाली. बोटी बंद. कोट शिवलेला होता, म्हणून तो मी चैत्रातही घालून हिंडलो. नानानं मला पाहिलं आणि बाजूला सरकून मला सावलीत जागा करून दिली.

लढाईत त्याच्या नावाचीही पंचाईत झाली. गावात एका माणसाला जपानी म्हणतात, हे फौजदाराच्या कानावर गेलं. तो चौकशीला आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं दरडावून विचारलं, “तुझा जपानशी काय संबंध?” नानानं त्याला बसायला घोंगडी टाकली आणि म्हणाला, “सांगतो साहेब. तुम्ही ओसाकाहून येणार का टोकियोहून?” फौजदार मायबारापर्यंत टिकला. मग उठून गेला, तो पुन्हा आला नाही.

लढाई संपता संपता नानाला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी दुपारी भेटायला गेलो. बोलता न येणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे मला कळत नाही. मी कापसाचे भाव सांगत बसलो. नानानं डाव्या हातानं खुंटीकडे खूण केली. सुनेनं ते निळं कापड आणून खाटेवर ठेवलं. नानानं माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढं केला, सुनेनं वर कापड पसरलं.

अखेर हा विकतोय, असं माझ्या मनात आलं. मी बोटाची वाट पाहू लागलो. नानाचा हात माझ्या हातात आला आणि तसाच राहिला. मी आपणहून बोट दाबलं, गेल्या पाडव्याची बोली. उत्तर नाही. बाजूला सारणंही नाही. मी चढलो. उत्तर नाही. आणखी चढलो. स्वतःच्याच बोलीवर बोली चढवणारे मूर्ख मी बाजारात खूप पाहिले होते. त्या दुपारी तसा मी होतो. मग माझ्या ध्यानात आलं, की तिथं बोटं नव्हतीच. हात होता.

नानाच्या तोंडाची चांगली बाजू हसली. त्यानं आपला हात ओढून घेतला. कापड माझ्या हातावर राहिलं.

तो गेला. भाव न बोलता माल गळ्यात मारणारा दलाल मी दुसरा पाहिला नाही. घासाघीस करून मी ते कापड घेतलं असतं तर ते माझं झालं असतं. आता ते माझ्याकडे आहे आणि त्याचंच आहे. याची दाद मागायची कुणाकडे?

परवा आमच्या सरकी काढायच्या जिनातला एक माणूस सुरतेला भाचीच्या लग्नाला निघाला. मी स्टेशनवर होतो. मी त्याला म्हटलं, डावीकडे बस. तो बसला आणि लगेच खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “शेठ, आठे ऊन लागी ऱ्हायनं.”

“लागू दे. बोगदा सरला की बघ.”

“या लाइनवर बोगदा कोठे शे, शेठ?”

गाडी हलली, म्हणून बरं.