जामीनदाराचा रकाना

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीने माझ्यासमोर अमेरिकेच्या संस्थापकांची वकिली केली, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागलं नाही असं माझी बायको सांगत सुटते. बायकोला वाढवून सांगायची सवय आहे. मी जेवत होतो, झोपतही होतो. आधीच दमलेला माणूस होतो, आणखी थोडा दमलो, एवढंच.

मुलगी बारावीत होती. शाळांची वादविवाद स्पर्धा होती आणि विषय असा, की ज्यांनी अमेरिका हे राष्ट्र उभं केलं त्यांना गुलामगिरी हा अन्याय आहे हे कळत होतं का. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि तिच्या वाट्याला 'कळत नव्हतं' ही बाजू आली. इथे आखातात, हमद टाउनमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, इस्त्रीच्या टेबलामागे उभी राहून ती बोलायची आणि मी मोबाइलवर वेळ लावून बसायचो. तिचं सगळं इंग्रजीत. मराठी तिला कळते, पण उत्तर इंग्रजीतच येतं, तेव्हा तिचं बोलणं मी इथे आपल्या भाषेत सांगतो.

तिचा पहिला मुद्दा होता, की गुलामगिरी त्या लोकांनी सुरू केलेली नव्हती, ती पूर्वीपासूनच होती. त्या चालीत ते जन्मले आणि त्या चालीतच वाढले. कायदा आड येत नव्हता, देवाधर्माचे लोकही आड येत नव्हते, मग चूक दिसणार कशी? ती हे इतकं मन लावून बोलायची की मलाही पटायचं.

एके संध्याकाळी ती मध्येच थांबली. म्हणाली, "अब्बा, एक अडचण आहे. त्यांच्या पहिल्या अध्यक्षाने मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की माझे गुलाम मोकळे करा. पण लगेच नाही. मी गेल्यावर, आणि माझ्या मागे बायको गेल्यावर. बायकोकडच्या इस्टेटीतले गुलाम तर त्यातही नाहीत. आता चूक कळतच नव्हती, तर मृत्युपत्रात लिहिलं कशाला?"

"मग तो मुद्दा गाळून टाक," मी म्हणालो.

"समोरच्यांनी काढला तर?"

"काढला तर बघता येईल. आपण होऊन कशाला सांगायचं?"

तिने तेवढ्या ओळीवर काट मारली. सल्ला माझ्या तोंडून इतक्या सहज निघाला याचं कारण सरळ आहे. नोकरीची तीस वर्षं मी दुसरं काय केलं?

मी एका लहानशा कंत्राटी कंपनीत कारकून होतो. कारखान्यांच्या पाइपांची दुरुस्ती हे कंपनीचं काम, आणि यार्ड अस्कर गावाकडे. कंपनी निघाली तेव्हा एक पत्र्याची केबिन होती, मालक म्हणजे आमचे अरबाब होते आणि मी होतो. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर आम्हीही संस्थापकच. पहिल्याच वर्षी एक वेल्डर न सांगता पळाला. अरबाब माझ्याकडे बघून म्हणाले, काहीतरी कर. मी तरुण होतो, हुशारी दाखवायची खाज होती. माझे आजोबा बोटीवर सारंग होते. गावातली माणसं खलाशी म्हणून न्यायची ती त्यांच्या जबानीवर. एखादा परक्या बंदरात उतरून पळाला तर आजोबा महिनाभर मोहल्ल्यात मान वर करून फिरत नसत. ते डोक्यात ठेवून मी नियम केला. सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या लोखंडी कपाटात राहतील. रजेवर जाणाऱ्याला पासपोर्ट मिळेल, पण त्याच्यासाठी कंपनीतल्या एकाने जामीन राहायचं. गेलेला परत आला नाही, तर जामीनदाराची पुढची रजा रद्द.

रजिस्टर मीच आणलं आणि पट्टीने रकाने मीच आखले. नाव, पासपोर्ट नंबर, गेल्याची तारीख, परतल्याची तारीख, सही. सहावा रकाना जामीनदाराचा. अरबाब खूश झाले. आजोबांच्या जबानीत स्वतःचं तोंड काळं व्हायची भीती होती, माझ्या रकान्यात दुसऱ्याची रजा जायची, हा फरक मला तेव्हा दिसला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

मी गुलामगिरी म्हणत नाही. पगार वेळेवर होत असे, कॅम्पमध्ये पंखे नव्हे, एसी होते, कोणी कोणावर हात उचलला नाही. अमेरिकेत जे झालं त्याच्या शेजारी आमचं कपाट नेऊन ठेवणं बरोबर नाही, हे मलाही समजतं. पण कळत होतं का असा प्रश्न असेल, तर कळत होतं. खाई त्याला खवखवे. तपासणीला सरकारी माणसं येणार अशी कुणकुण लागली की सगळे पासपोर्ट मी बासमतीच्या रिकाम्या पिशवीत भरायचो, पिशवी माझ्या गाडीच्या डिकीत जायची, आणि मी दोन राउंडअबाउट पलीकडे जाऊन चहा पीत बसायचो. 'खलास' असा फोन आला की परत. ज्याला चूक ठाऊक नाही तो अशी पिशवी भरत नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती मी घरातही कधी बोललो नाही. माझा स्वतःचा पासपोर्ट त्या कपाटात मी एक दिवससुद्धा ठेवला नव्हता.

म्हणून माझा एक बेत होता. मार्चअखेर मी रिटायर होणार होतो. शेवटच्या दिवशी कपाट उघडायचं, एकेकाला बोलवायचं आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्या हातात द्यायचा. बायकोला हे मी जेवताना बऱ्याचदा सांगितलं होतं. ती म्हणायची, शेवटच्या दिवशीच का? मी म्हणायचो, तोपर्यंत नोकरी करायची आहे ना.

या सगळ्यात माणगावकडचा एक फिटर होता. तीन वर्षांपूर्वी तो एका सोबत्याला जामीन राहिला आणि तो सोबती गेला तो गेलाच. माझ्या नियमाने फिटरची रजा गेली. पुढच्या खेपेला त्याची पाळी आली, पण त्याच्यासाठी कोणी सही करेना, कारण जामीन राहून काय होतं हे सगळ्यांनी त्याच्याच बाबतीत पाहिलेलं. तो निघाला तेव्हा त्याची मुलगी रांगतही नव्हती. आता ती पाच वर्षांची होत आली होती. दर गुरुवारी काम सुटलं की तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा.

"चाचा, माझा काय झाला?"

"इंशाल्ला," मी म्हणायचो.

आमच्याकडे इंशाल्लाचे दोन-तीन प्रकार आहेत. हा त्यातला 'जा आता' म्हणायचा. त्याला तो ओळखता येत होता, तरी पुढच्या गुरुवारी हजर. एकदा मात्र जाता जाता थांबला. "पोरगी फोनवर मना मामा बोलते," तो म्हणाला. मुलगी आजोळी वाढत होती. फोनवर जे पुरुष दिसायचे ते सगळे तिचे मामा, त्यात हाही एक. तो हसत सांगत होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी फाइल उघडली.

मुलगी स्पर्धा जिंकली. मृत्युपत्राचा मुद्दा समोरच्यांनी काढलाच नाही. गाडीत ती चषक मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हणालो, "बघ, गाळला ते बरं झालं ना?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अब्बा, मी बोलले ते मला स्वतःला पटत नाही. त्याला कळत होतं. स्वतःला गरज उरणार नाही तेव्हाच सोडीन म्हणणाऱ्याला सगळ्यात चांगलं कळत असतं." मग तिने शोरमा मागितला. मी गाडी थांबवली, दोन शोरमे घेतले, आणि तिचा चषक सीटवरून पडू नये म्हणून हाताने धरून बसलो.

पुढच्या गुरुवारी फिटर आला तेव्हा मी कपाट उघडलं आणि त्याचा पासपोर्ट टेबलावर ठेवला. त्याने हात पुढे केला नाही.

"जामीन कोन?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत ऑफिसच्या माणसाने त्या रकान्यात सही केलेली नव्हती, तसा प्रसंगच आला नव्हता. मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. फिटरने ते दोनदा वाचलं, पासपोर्ट खिशात घातला, वरून हात दाबून धरला आणि गेला. अरबाब जाऊन पुष्कळ वर्षं झालीत, आता त्यांचा मुलगा बघतो. तो रजिस्टर पाहून हसला. म्हणाला, चाचा, नियम तुमचाच आहे, हा आला नाही तर तुमचंही घरी जाणं राहिलं. तो थट्टेत म्हणाला की खरंच, हे मी विचारलं नाही.

चाळीस दिवसांची रजा. मला वाटलं होतं, आता मन हलकं होईल. कसलं काय! चौथ्याच दिवशी फिटरने फोटो पाठवला. मुलगी त्याच्या खांद्यावर बसलेली, दोन्ही हातांनी त्याचे केस धरलेले. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात पहिलं हे आलं, की हा आता येत नाही. मग दर दोन दिवसांनी मी फोन करू लागलो. तब्येत कशी, घरचे कसे, असं विचारायचं आणि हळूच तिकिटाचं विचारायचं. माझ्या आवाजातला गोडवा माझा मलाच नकोसा झाला. रत्नागिरीच्या घराला रंग देऊन झाला होता, बायकोचं सामान अर्धं बांधून झालं होतं, आणि मी कुठल्या तरी माणसाच्या मुलीने बापाला सोडावं म्हणून मनातल्या मनात दुआ मागत होतो. माझ्या रकान्यात सही केलेल्या प्रत्येकाने हेच केलं असणार. त्या दिवसांत मला माझी फार लाज वाटली.

तो आला. चाळिसाव्या दिवशी, सकाळच्या शिफ्टला, सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन. "इमानतलावर अब्बा बोल्ली," त्याने सांगितलं. "सोडीत नव्हती. बोट सोडवून आलो." मग मी काही मागायच्या आधीच त्याने खिशातून पासपोर्ट काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"ठेवा चाचा."

राहू दे तुझ्याकडे, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. मी रजिस्टर पुढे ओढलं, परतल्याची तारीख लिहिली आणि पासपोर्ट कपाटात ठेवला. सुटलो बाबा, असं वाटलं. खरंच तेच वाटलं.

मार्चअखेरचा तो गुरुवार आला. सकाळी केक कापला. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती आणि बायकोला सांगितलेला बेत डोक्यात होता. पण माझं नोकरीतून सुटकेचं पत्र अजून मालकाच्या मुलाच्या टेबलावर सहीविना पडलं होतं. माणसं साइटवर गेली होती, ती संध्याकाळशिवाय येणार नव्हती. आणि मी पासपोर्ट वाटले तरी आठवड्याने ते परत कपाटातच येणार होते. कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. शिवाय मी दमलो होतो. त्या अध्यक्षाने निदान कागदावर लिहून ठेवलं होतं. मी फक्त जेवताना बोललो होतो.

माझ्या जागेवर आलेली बाई वसईची, आधी जुफैरच्या एका हॉटेलात होती. कामाला चोख. रजिस्टर समोर घेऊन तिने एकेक पासपोर्ट तपासून घेतला, आणि तिचं बोट माझ्या नावापाशी थांबलं.

"अंकल, जामीनदार तुम्ही?"

"एकदा राहिलो होतो. तो आला परत."

"बरं झालं." तिने पान मागे चाळलं, आणखी मागे चाळलं. "पण हा नियम कोणी केला हो?"

मुलीचा चषक आमच्या घरी टीव्हीशेजारी आहे. तिचा पहिला मुद्दा मला पाठ होता.

"पूर्वीपासूनच आहे," मी म्हणालो.

तिने मान हलवली, किल्ली माझ्याकडून घेतली, आणि पट्टी लावून नव्या पानावर रकाने आखायला बसली. सहाही आखले.